मशीन वाटता, मग दुरुस्त कोण करणार?

प्रति,
महाराष्ट्रातील जिल्हा परिषदांच्या महिला व बालकल्याण समित्यांचे सभापती आणि सदस्य, जिथे प्रशासक आहेत तिथे प्रशासक, आणि या विभागांचे सर्व अधिकारी

विषय : दुरुस्त होण्याजोगी जुनी शिलाई मशीन भंगारात काढणे थांबवण्याबाबत, तसेच वाटपाच्या मशीनसाठी सुटे भाग व दुरुस्तीची सोय करण्याबाबत.

महोदय, महोदया,

आमच्या भागातल्या एका प्रशिक्षण केंद्राने नुकतीच पंचवीसेक पायमशीन भंगारात काढली. केंद्राचे नाव लिहीत नाही, कारण तिथल्या कुणीही नियमाबाहेर काही केलेले नाही. डेडस्टॉक रजिस्टरला नोंद होती, निर्लेखनाचा, म्हणजे माल नोंदीतून कमी करण्याचा, ठराव झाला, दरपत्रके आली, ज्याचा किलोचा भाव जास्त त्याला माल गेला. सगळे कागद जागच्या जागी आहेत. अशी मशीन तुमच्या-आमच्या जिल्ह्यांतल्या कितीतरी केंद्रांत, शाळांत, बंद पडलेल्या महिला मंडळांच्या खोल्यांत अजून पडून आहेत, आणि त्यांच्याही याद्या कधीतरी आपल्या टेबलावर येणार आहेत. म्हणून हे पत्र आपल्याला. आणि ज्यांच्या नावावर मशीन वाटली जातात त्या बायकांनीही ते वाचावे, म्हणून खुले.

मी शिलाई मशीन दुरुस्त करते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी दुकान आहे. दुकान वडिलांचे, काम त्यांच्या हाताखाली शिकले, आता मीच चालवते. नवा माणूस आला की आधी विचारतो, "मिस्त्री कुठं गेलेत?" मीच मिस्त्री, असे सांगितल्यावर मशीन ठेवून जातो खरा, पण दोन वेळा मागे वळून बघतो. असो. सांगायचे ते हे, की आपण वाटलेली मशीन दोन वर्षांनी कुठल्या अवस्थेत असतात हे आपल्या कुठल्याच अहवालात येत नाही. ती माझ्या दुकानात येतात. म्हणून मला जे दिसते ते सांगण्याचा मला थोडा हक्क आहे, असे मी धरून चालते.

लिलावाआधी तो माल मी पाहिला होता. निम्म्याहून जास्त मशीनमध्ये बिघाड म्हणावा असा नव्हताच. कुणीतरी मशीन ऑइलऐवजी खोबरेल सोडलेले, ते आत वाळून डिंकासारखे चिकटलेले, त्यामुळे चाक फिरेना. कुणाचा चामडी पट्टा तुटलेला, कुणाची टेन्शनची स्प्रिंग गेलेली, काहींचे शटल, म्हणजे खालून दोरा पकडून टाका घालणारा भाग, झिजलेले. अशी मशीन रॉकेलने धुवायची असतात. रेशनवर रॉकेल मिळेनासे झाल्यापासून आम्ही डिझेल वापरतो. धुवायचे, पुसायचे, भोकाभोकांत तेलाचे थेंब सोडायचे, पट्टा नवा घालायचा. काहीशे रुपयांचे सामान आणि हाताची मेहनत. तशी लेखी तयारी मी दाखवली. उत्तर आले, दुरुस्तीसाठी लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाचे सदर, नाही. नव्या खरेदीसाठी आहे.

भंगारवाल्याने आवारातच घण काढला. बीड म्हणजे ओतीव लोखंड, ते ठिसूळ, स्टँड दोन घावांत तुटते, आणि तुटलेले टेम्पोत जास्त मावते.

निर्लेखनाच्या यादीत या मशीनपुढे "जुने, वापरात नाही" एवढेच लिहिलेले होते. ती काय होती ते मी सांगते. हेड म्हणजे मशीनचा वरचा, शिवणारा भाग. आपल्याकडच्या घरोघरीच्या काळ्या हेडांपैकी बहुतेकांचा आराखडा एकच आहे, सिंगर कंपनीचा क्लास १५. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचा. गोल बॉबिन, उभी बसणारी बॉबिन केस, अर्धा फेरा जाऊन मागे येणारे शटल, एका बाजूने चपट्या मुळाची सुई. अंग बिडाचे, आत पोलादी दांडे आणि बुशी. जिथे घर्षण तिथे तेलाचे भोक, जिथे झीज तिथे बहुधा एक स्क्रू, म्हणजे झिजल्यावर स्क्रू फिरवून ढिलाई काढता येते. ज्याने हे आखले त्याने मशीन झिजणार हे आधीच मान्य केले होते आणि त्याची तजवीज करून ठेवली होती. मला या मशीनबद्दल आदर आहे तो यासाठी. सोनेरी वेलबुट्टीसाठी नव्हे.

हा आराखडा पुढे सगळ्यांचा झाला. जपानने त्याची नक्कल केली, आपणही केली. त्यामुळे आजही सिंगरची बॉबिन उषाच्या मशीनला चालते, आणि लुधियानाच्या बिननावाच्या हेडाला उषाचे शटल बसते. एक सुई, एक बॉबिन, एक शटल, आणि देशातल्या कुठल्याही तालुक्याच्या बाजारात त्यांचे सुटे भाग. नुसत्या सरकारी योजनेतून असे काही उभे राहायला किती वर्षे लागली असती याचा आपणच विचार करावा.

सिंगर आपल्याकडे आली ती मुंबईच्या वाटेने. नसरवानजी मेरवानजी पटेल नावाच्या पारशी गृहस्थांनी १८७५ च्या सुमारापासून पुढची अनेक वर्षे कंपनीचा इथला कारभार पाहिला, आणि रोख पैसे नसलेल्या शिंप्याच्या हातात हप्त्याहप्त्याने मशीन पडू लागली. यंत्रांविरुद्ध बोलणाऱ्या गांधीजींनीही १९२४ साली शिलाई मशीनला अपवाद केले. मशीन बनवायला मोठा कारखाना लागेलच ना, असे विचारल्यावर त्यांनी उत्तर दिले की असे कारखाने राष्ट्राच्या मालकीचे किंवा सरकारच्या ताब्यात असावेत. त्यांचे ते ऐकले गेले नाही. पण मशीन इथे बनू लागली. कलकत्त्यात बिशनदास बसील यांनी १९३० च्या दशकात जय इंजिनिअरिंग वर्क्समध्ये उषा मशीन सुरू केली, पुढे दिल्लीच्या लाला श्रीराम यांच्या समूहाने तो कारखाना घेऊन वाढवला. लग्नात रुखवतात ठेवलेली, नाहीतर नवरा गेल्यावर भावाने आणून दिलेली जी उषा आपल्या आजीकडे होती, तिचे मूळ तिथले.

त्या कारखान्याच्या जागेवर आज काय आहे? कोलकात्यातल्या प्रिन्स अन्वर शहा रोडवर २००८ मध्ये साउथ सिटी मॉल उघडला, शेजारी उंच इमारती. परळ-लालबागच्या गिरण्या पाहिलेल्या मराठी माणसाला यापुढचे सांगायला नको. उषा हे नाव बाजारात आहे, मशीनही विकली जातात, पण तो कारखाना नाही. हे काही आपल्याकडेच झाले असेही नाही. स्कॉटलंडमध्ये क्लाइडबँकला सिंगरचा प्रचंड कारखाना १८८५ पासून होता, भरभराटीच्या काळात वर्षाला दहा लाखांहून जास्त मशीन तिथून बाहेर पडत. तो १९८० साली बंद पडला. रेल्वे स्टेशनचे नाव मात्र आजही सिंगर आहे.

कारखाना बंद पडला की इमारतीबरोबर आणखी काय जाते, ते आमच्यासारख्यांना जवळून दिसते. बीड ओतल्यावर लगेच मशीनिंगला घेतले तर नंतर त्याचे अंग थोडे वाकते, म्हणून चांगले कारखाने ओतीव काम मुरू देत. शटलच्या टोकाला किती कडकपणा द्यायचा, की ते दोरा तर उचलेल पण बोथट होणार नाही, हे जाणणारे लोक असत. असा माणूस घरी बसला की त्याची जागा बाहेरून आणलेल्या पेटीने भरून निघते, आणि काही वर्षांनी ती पेटी बरी की वाईट हे ओळखणाराही उरत नाही. मी आज सुट्या भागांच्या डब्या उघडते त्यांतल्या कितीतरींवर माल कुठे बनला तेच लिहिलेले नसते. एकाच डब्यातल्या दोन बॉबिन केसपैकी एक बसते, दुसरी बसत नाही. वडिलांच्या वेळी असे झाले की ते विक्रेत्याला पत्र लिहीत. मी कुणाला लिहू?

आता मूळ मुद्दा. आपल्या लेखी दुरुस्ती हा खर्च आहे. जगात शिलाई मशीनचा धंदा जिथे मोठा झाला तिथे तो बऱ्याचदा दुरुस्तीतूनच झाला. जपानमधल्या नागोयात यासुई कानेकिची यांनी १९०८ साली मशीन दुरुस्तीचे आणि सुट्या भागांचे दुकान काढले. पुढच्या पिढीने १९२८ मध्ये गवती टोप्या शिवायचे मशीन बनवले, १९३२ मध्ये घरगुती मशीन. त्या दुकानाचे नाव पुढे ब्रदर झाले. आज आपल्याकडच्या शोरूममध्ये ते नाव झळकते.

इतक्या लांब जायचेही कारण नाही. कोल्हापूरचे उद्यमनगर कसे उभे राहिले? बाहेरून आलेली ऑइल इंजिने दुरुस्त करता करता इथले मेस्त्री इंजिने बनवायला लागले. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार यांची पिढी पुस्तक वाचून इंजिनिअर झाली नव्हती. बिघडलेले खोलून, झिजलेले मोजून, तसेच दुसरे बनवून ती शिकली. आज शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या मोटारींचे आणि ट्रॅक्टरचे ओतीव भाग बनवतात. मशीनचे साधे स्टँड, चाक किंवा फीड डॉग, म्हणजे कापड पुढे सरकवणारी दातेरी पट्टी, बनवणे त्यांना अवघड आहे असे मला कुणी सांगू नये. त्यांना मागणी कुणी देत नाही एवढेच. आणि मागणी देऊ शकणारे सगळ्यांत मोठे गिऱ्हाईक आपण आहात.

आता तक्रारी.

आपल्या योजनांमध्ये मशीन मोजली जातात, ती चालतात की नाही हे मोजले जात नाही. वाटपाचा कार्यक्रम होतो, फोटो होतो, लाभार्थींचा आकडा कळवला जातो. दोन वर्षांनी त्यांतली किती मशीन रोज शिवतात याची कुठे नोंद आहे काय? माझ्याकडे येणाऱ्यांवरून सांगते. पाइपचे किंवा पातळ पट्टीचे स्टँड, ते वेगात पाय मारला की हलते. वरची फळी भुशाच्या बोर्डाची, आमच्याकडच्या एका पावसाळ्यात ती फुगते. हेडातले आटे इतके वरवरचे, की स्क्रू दोनदा काढून घातला की फिरतच राहतो. शटलचे टोक सहा महिन्यांत बोथट, मग टाका सुटतो, दोरा तुटतो, आणि बाईला वाटते आपल्यालाच शिवता येत नाही. यातल्या कितीतरी जणींनी शिवण सोडून दिले ते या समजुतीने. मशीन कोपऱ्यात, त्यावर चादरी. आपल्या अहवालात ती यशस्वी लाभार्थी.

२०१६ च्या अखेरीपासून वस्तू न देता पैसे थेट खात्यात जमा करायची पद्धत आली. त्याने एक जुना रोग बरा झाला, एकगठ्ठा खरेदीत एकाच दुकानदाराचा तकलादू माल सगळ्या जिल्ह्याच्या गळ्यात पडायचा तो थांबला. हे मी मोकळेपणाने मान्य करते. पण नवा आजार आला. आधी स्वतःच्या पैशाने घ्यायचे, बिल जोडायचे, मग अनुदान. बाई उसनवारी करून बाजारात जाते, दुकानदार अनुदानाच्या रकमेत बसणारे मशीन दाखवतो, आणि तिला त्यात काय बघायचे हे कुणीच सांगितलेले नसते. आपल्या जाहिरातीत जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला यांची यादी असते. मशीन कसे असावे याबद्दल एक ओळ नसते. अनुदानाच्या रकमेत चांगले दुरुस्त केलेले जुने काळे मशीन आणि वर एक मोटर येऊ शकते, तरी सेकंडहँड चालत नाही. का चालत नाही? बिल नवे हवे म्हणून.

२०२४-२५ च्या गणवेशाचे प्रकरण आपण विसरला नसाल. एकाच ठिकाणी कापड कापून बचत गटांच्या महिलांकडून राज्यभरचे गणवेश शिवून घ्यायचे ठरले, कापड उशिरा आले, मापे चुकली, पोरे जुन्या कपड्यांत शाळेत गेली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये निर्णय फिरवून काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे गेले. त्यावर खूप लिहून-बोलून झाले आहे. माझ्या दुकानातून त्याची जी बाजू दिसली ती कुठे आली नाही. रोज एखादा ब्लाउज आणि एखादी फॉल-पिको यांपुरती घेतलेली मशीन त्या दिवसांत चड्डीच्या जाड शिवणीवर दिवसभर चालली. वाटपातली नवी हलकी मशीन एकामागून एक माझ्याकडे आली, प्लास्टिकच्या गिअरचे दात गेलेले, ते गिअर बदलून मिळेनात. जुन्या काळ्या मशीनवाल्या बायका सुई मोडली तर तेवढी घ्यायला आल्या. महिलांना काम द्यायचे ठरते तेव्हा त्यांच्या हातातले हत्यार ते काम पेलेल का, हे कुणीतरी आधी विचारायला हवे होते.

शिवणवर्गांचे थोडक्यात. तीन महिन्यांत परकर, ब्लाउज, पंजाबी ड्रेस शिकवतात. शटल खोलून त्यातले धाग्याचे कण काढणे, सुई उलटी बसली तर ओळखणे, तेल कुठे आणि कुठले, हे शिकवत नाहीत. दोन दिवसांचा विषय आहे. माझ्या दुकानातले निम्मे काम त्याने बंद होईल. होऊ दे.

आणि केंद्राची एक गोष्ट, जी आपल्या हातात पूर्ण नाही पण शिफारस आपण करू शकता. १७ सप्टेंबर २०२३ ला पंतप्रधान विश्वकर्मा योजना सुरू झाली. अठरा व्यवसाय त्यात आहेत. शिंपी आहेत, त्यांना हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतची मदत आहे, आणि ते योग्यच आहे. हातोडे-हत्यारे बनवणारे आहेत, कुलुपे बनवणारे आहेत. शिंप्याचे मशीन चालते ठेवणारा मिस्त्री कुठेच नाही. त्यामुळे त्याला ना प्रशिक्षण, ना कर्ज, ना प्रमाणपत्र. आमच्या आसपासच्या तालुक्यांतले जुने मिस्त्री एकेक करून दुकान बंद करत आहेत, मुले मोबाइल दुरुस्तीकडे गेली. त्यांना दोष देणार नाही, तिथे पैसे जास्त आहेत.

कुणी म्हणेल, या बाईला जुन्याचे वेड आहे. नाही. जुन्याचे वेड वेगळ्या लोकांना आहे. शहरांतल्या हॉटेलांत सिंगरच्या बिडाच्या स्टँडवर काच टाकून त्यावर कॉफी देतात, आणि हेड खिडकीत शोभेला. २००९ साली सौदी अरेबियात अफवा उठली की जुन्या सिंगरमध्ये 'रेड मर्क्युरी' नावाचा मौल्यवान पदार्थ असतो, आणि लोकांनी वाटेल त्या किमती मोजल्या. तसली चौकशी करणारा एखादा अजूनही दुकानात उगवतो. मी त्याला सांगते, आत तेल आहे, धूळ आहे, झालेच तर एखादी मोडलेली सुई आहे.

मला ठाऊक आहे की सोलापूरच्या गणवेशाच्या कारखान्यांना पायमशीन पुरणार नाही, त्यांना विजेवर धावणारी जलद मशीन हवीत. घरीही पिको लागते, ओव्हरलॉक लागते, झिगझॅग लागते. पाठ-गुडघे दुखणाऱ्या बाईने पाय मारत बसावे असे मी म्हणणार नाही, जुन्या हेडालाही मोटर बसते. बाहेरून आलेले प्रत्येक मशीन वाईट असते असेही नाही, काही उत्तम आहेत आणि मी स्वतः ती घ्यायला सांगते. सप्टेंबर २०२५ मध्ये शिलाई मशीन आणि त्यांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला, ते चांगलेच झाले. पण तो इथे बनलेल्या मालालाही तेवढाच आणि बंदरातून उतरलेल्यालाही तेवढाच. त्याने मशीन स्वस्त होईल. इथे बनू लागेल असे नाही. त्यासाठी कुणीतरी ठरवून इथला माल मागावा लागतो.

मागण्या पुढीलप्रमाणे, आणि त्यांतल्या बहुतेकींना मुंबईची परवानगी लागत नाही.

कोणतेही शिलाई मशीन निर्लेखित करण्यापूर्वी जाणत्या मिस्त्रीकडून त्याची तपासणी करून घ्यावी आणि 'दुरुस्त होते' किंवा 'होत नाही' असा सहीनिशी शेरा घ्यावा. दुरुस्त होणारी मशीन भंगारात न देता दुरुस्त करून बचत गटांना, एकल महिलांना, आश्रमशाळांना द्यावीत. जी दुरुस्त होतच नाहीत त्यांचे शटल, दांडे, स्प्रिंगा, चाके काढून घेऊन मगच बीड भंगारात जावे. यासाठी लेखाशीर्ष नसेल तर ते उघडावे. स्वनिधीतून महिला व बालकल्याणासाठी जी रक्कम राखून ठेवावी लागते, तिच्यात हे बसवण्याचा ठराव समिती करू शकते असे मला वाटते. बसत नसेल तर कुठल्या नियमाने बसत नाही ते लेखी कळवावे.

अनुदानाच्या अर्जासोबत मशीनचे किमान निकष छापावेत, मराठीत, अर्ध्या पानात: ओतीव हेड, सहज मिळणारी सुई आणि बॉबिन, न हलणारे स्टँड, पाण्याने न फुगणारी फळी, दोन वर्षांची हमी, आणि सुटे भाग जिल्ह्यात कुठे मिळतील त्या दुकानाचा पत्ता बिलावर. एवढे नसलेल्या बिलावर अनुदान देऊ नये. हमीसह दुरुस्त केलेले जुने मशीनही अनुदानाला पात्र धरावे.

अनुदानातले थोडे पैसे लगेच न देता वर्षभराने, मशीन चालू असल्याची खात्री करून द्यावेत. मात्र बाईच्या खात्यातून ते कापू नयेत. ते दुकानदाराच्या वाट्यातून मागे ठेवायची व्यवस्था करावी. हे अवघड आहे हे मला कळते, पण बिले तपासणारे लोक आपल्याकडे आहेतच.

प्रत्येक शिवणवर्गात दोन दिवस मशीनच्या निगेचे धरावेत. आणि प्रत्येक तालुक्यातून निदान काही मुली-मुलांना जुन्या मिस्त्रींच्या हाताखाली सहा महिने मानधनावर ठेवावे. जे मिस्त्री अजून हात चालवतात त्यांची यादी करायला घेतली तर वेळ फार नाही हे आपल्याही लक्षात येईल. शिलाई मशीन दुरुस्ती हा व्यवसाय विश्वकर्मा योजनेत घ्यावा असा ठराव करून तो शासनामार्फत केंद्राला पाठवावा.

शेवटची मागणी मोठी आहे. दोन-तीन जिल्हा परिषदांनी मिळून, समजा कोल्हापूर, सांगली आणि सोलापूर, पुढच्या काही वर्षांत आपल्याला किती स्टँड, किती शटल, किती बॉबिन केस लागतील याचा आकडा काढावा आणि तेवढ्या मालाची मागणी इथल्या फाउंड्र्या आणि वर्कशॉपपुढे ठेवावी. पूर्ण मशीन लगेच इथे बनेल अशी माझी समजूत नाही. शटल बनवणे सोपे नाही, पहिला माल खराब निघेल, दुसराही कदाचित निघेल. लुधियानात शेकडो छोट्या कारखानदारांनी हे हातोहात शिकून केले. तेही आज बाहेरच्या मालापुढे मेटाकुटीला आलेत, तेव्हा हेड त्यांच्याकडून घ्यावे आणि स्टँड, फळी, सुटे भाग इथे करावेत, अशी सुरुवात होऊ शकते. नमुने तपासायला आणि काय बिघडते ते सांगायला मी आणि माझ्या ओळखीचे चार जुने मिस्त्री बिनपैशाने बसू.

आपल्या पुढच्या मासिक सभेत हा विषय घेऊन काय ठरले ते कळवावे. केंद्रा-केंद्रांत अजून किती जुनी मशीन शिल्लक आहेत, कुठे आहेत आणि कोणाची निर्लेखनाच्या यादीत नोंद झाली आहे, ही माहिती त्या उत्तरासोबत द्यावी. नाही मिळाली तर माहितीच्या अधिकारात अर्ज करीन. तोवर ज्या केंद्रात लिलाव ठरला असेल तिथे तो थांबवण्याचा आदेश आपण एका ओळीत काढू शकता.

आपली,
शिलाई मशीन दुरुस्त करणारी एक कारागीर,
कोल्हापूर जिल्हा